वहिनीची चकली, गुगल आणि फुकटातलं कीवर्ड रिसर्च

आमची वहिनी डोंबिवलीत घरून फराळ विकते. चकली, अनारसे, कडबोळी, चिवडा, थालीपिठाची भाजणी, उपवासाची भाजणी, आणि संकष्टीला नि गणपतीत उकडीचे मोदक. दोनेक वर्षांपूर्वी तिने छोटीशी वेबसाईट केली आणि एका मार्केटिंगवाल्याला अठरा हजार रुपये देऊन एसईओ, म्हणजे गुगलच्या निकालात साईट वर यावी म्हणून करायचं काम, करून घेतलं. त्याने काय केलं तर सहा लेख लिहून टाकले, खुसखुशीत चकली कशी करावी, अनारसे तुपात हसू नयेत, म्हणजे फुटून पसरू नयेत, म्हणून काय करावं, असले. का, तर म्हणे "ह्या कीवर्डला व्हॉल्यूम खूप आहे मॅडम", म्हणजे हे शब्द शोधणारी माणसं खूप. व्हॉल्यूम होतंच, खोटं नाही, साईटवर माणसं यायला पण लागली, फक्त फोन काही वाजेना. अख्ख्या दिवाळीत त्या लेखांवरून एक फोन आला तो नागपूरच्या एका बाईंचा, "ताई माझी चकली तेलात विरघळतेय हो, काय करू?" वहिनीने तिची कढई गॅसवर असताना वीस मिनिटं त्यांना समजावलं की मोहन जास्त झालं असणार, थोडी कोरडी भाजणी मिसळून परत मळा आणि आधी एकच चकली सोडून बघा. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "भावोजी, ह्या लोकांना चकली नकोय, चकलीची रेसिपी हवीये."

इतकी साधी गोष्ट अठरा हजारात कळली. त्यानंतर मी आणि तिने बसून सगळं परत केलं, एक रुपया न घालता, आणि ते कसं केलं तेच इथे लिहितोय. तुमचा धंदा फराळाचा नसेल, शिवणकामाचा असेल, एसी रिपेअरचा असेल, कोकणातल्या होमस्टेचा असेल, तरी पद्धत हीच, फक्त शब्द तुमचे टाका.

आधी कीवर्ड म्हणजे काय ते एकदा बघू, कारण ह्या शब्दाला उगाच फार मोठं करून ठेवलंय. गिऱ्हाईक गुगलच्या चौकटीत जे टाईप करतं किंवा हल्ली माईक दाबून बोलतं ते, बस. आपलं काम एवढंच की ते नक्की काय टाईप करतं हे शोधायचं आणि तेच शब्द आपल्या पानावर असतील असं बघायचं. वहिनीच्या साईटवर पहिल्या ओळीत होतं "अस्सल महाराष्ट्रीय पाककृतींचा पारंपरिक वारसा". आता सांगा, भूक लागल्यावर किंवा पाहुणे येणार म्हटल्यावर कोण असलं टाईप करतं?

पहिलं टूल तुमच्या खिशात आहे आणि ते गुगलचं नाही, व्हॉट्सॲप आहे. मागच्या वर्षभरातल्या गिऱ्हाईकांचे मेसेज उघडा आणि पहिला मेसेज काय होता तो जसाच्या तसा एका शीटमध्ये उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका. वहिनीच्या फोनवर आम्हाला काय काय सापडलं बघा: "संकष्टीला ११ मोदक मिळतील का", "उपवासाची भाजणी आहे का अर्धा किलो", "चकली किलोचा भाव काय", "यूएसला पाठवता का फराळ", "अनारसे जावयाला द्यायचेत ३३ पायजेत", "मोदक गरम मिळतात का". दोन तासात साठेक वाक्यं झाली आणि त्यात "अस्सल" हा शब्द एकदाही नव्हता, "वारसा" तर नाहीच नाही. "घरगुती" मात्र खूपदा होता, "घरगुती चकली", "घरगुती आहे ना?", म्हणजे हा शब्द लोकांच्या तोंडात आहे, तो घ्यायचा. फोनवर ऑर्डर घेत असाल तर फोनशेजारी वही ठेवा आणि समोरचा पहिलं वाक्य काय बोलला तेवढंच लिहा.

ही शीट म्हणजे मूळ. पुढची सगळी टूलं ह्या शीटवरच चालवायची, रिकाम्या डोक्याने टूल उघडलं की ते तुम्हाला भलतीकडेच घेऊन जातं.

आता गुगल. मोबाईलवर इन्कॉग्निटो उघडा म्हणजे तुमचे जुने सर्च मध्ये येणार नाहीत, तुम्ही कुठल्या गावात आहात ते मात्र त्याला तरीही साधारण कळतंच आणि ते आपल्याला चालतं, उलट हवंच आहे. "उकडीचे मोदक" टाईप करा, एक स्पेस द्या आणि एंटर मारू नका, थांबा. खाली जी यादी उघडते ती लोकांनी खरोखर केलेल्या सर्चवरून येते. मग स्पेसनंतर एकेक अक्षर टाकत जा, क टाकला की वेगळी यादी, ड टाकला की वेगळी, म टाकला की आणखी वेगळी. कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण चहा पिता पिता होतं. मग तेच सगळं इंग्रजी अक्षरात करा, कारण आपल्याकडची निम्मी जनता मराठी इंग्रजी अक्षरात टाईप करते आणि तिथे स्पेलिंगचा जो काही गोंधळ आहे तो विचारू नका. चकलीत एलच्या आधी कोणी ए घालतं कोणी नाही घालत, भाजणीच्या शेवटी कोणी आय लावतं कोणी डबल ई, उकडीचेमध्ये तर प्रत्येकाची आपापली पद्धत. सगळी स्पेलिंगं पानावर कोंबायची नाहीत, दोन-तीन वेगळ्या स्पेलिंगनी सर्च करून बघा, निकाल साधारण तेच येत असतील तर गुगलला ते एकच आहे हे कळलेलं असतं, मग जे जास्त चालतं ते एक वापरा आणि सोडून द्या.

एंटर मारल्यावर पानात मध्ये "लोक हेही विचारतात" अशी प्रश्नांची पट्टी असते, त्यातला एक प्रश्न उघडला की खाली आणखी प्रश्न येतात, उघडत राहिलं की येतच राहतात. आणि पानाच्या तळाशी मिळतेजुळते सर्च असतात. हे सगळं शीटमध्ये.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्या टूलांपेक्षा जास्त उपयोगाची. प्रत्येक वाक्याचं शेपूट बघायचं. "रेसिपी", "कशी करायची", "साहित्य व कृती", "प्रमाण" असं शेपूट असेल तर तो माणूस स्वयंपाकघरात उभा आहे, त्याच्या हातात सोऱ्या आहे, तो तुमची चकली घेणार नाही. "ऑर्डर", "किंमत", "भाव", "किलो", "घरपोच", "जवळपास", "कुठे मिळेल" किंवा गावाचं नाव असं शेपूट असेल तर त्याच्या हातात पाकीट आहे. शीटमध्ये एक कॉलम करा आणि प्रत्येक वाक्यापुढे "सोऱ्या" किंवा "पाकीट" लिहा. आम्ही अक्षरशः हेच शब्द लिहिलेत, वहिनीनेच काढलेत.

आणि नुसती "चकली" टाकली तर कळत नाही ना काय हवंय? मग ते गुगललाच विचारायचं, म्हणजे तो शब्द सर्च करून निकालात काय येतंय ते बघायचं. वर व्हिडिओ आणि रेसिपीच्या साईटी आल्या तर गुगलच्या मते लोकांना करायला शिकायचंय. नकाशा आला आणि खाली तीन दुकानं आली तर लोकांना जवळपासचं दुकान हवंय. मोठ्या ऑनलाईन दुकानांची रांग आली तर विकत हवंय पण तिथे आपला टिकाव लागणं कठीण आहे. पाच सेकंदात होणारी ही तपासणी त्या अठरा हजारवाल्याने केली असती तरी खूप होतं.

एक अपवाद सांगतो, भाजणी. "थालीपीठ भाजणी प्रमाण" शोधणारा दिसतो सोऱ्यावाला, पण भाजणी करायची म्हणजे ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा, उडीद, धणे सगळं वेगवेगळं भाजायचं, गार करायचं, मग गिरणीवाल्याच्या मागे लागायचं की बाबा गव्हावर दळू नको, भाजणीवर भाजणीच दळ. हे सगळं वाचून अर्ध्या लोकांचा उत्साह मावळतो आणि ते विकतची शोधायला लागतात. म्हणून भाजणीचं प्रमाण वहिनीने साईटवर खरं खरं, काहीही न लपवता दिलंय आणि त्याच्याच खाली "आयती हवी असेल तर" म्हणून भाव आणि नंबर. ह्या पानावरून ऑर्डरी येतात. चकलीच्या रेसिपीवरून येत नाहीत. का ते मी तर्काने सांगितलं, पण तुमच्या धंद्यात अशी कुठली गोष्ट आहे जी वाचायला सोपी आणि करायला जिवावर येते, ते तुम्हालाच माहीत.

आता गुगल ट्रेंड्स, एखादा शब्द कधी नि कुठे जास्त शोधला जातो ते दाखवणारं गुगलचं टूल. फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. शब्द टाका, देश भारत, मग आत महाराष्ट्र निवडा, काळ पाच वर्षांचा घ्या. जो आलेख येतो त्यात आकडे ० ते १०० असतात आणि इथे सगळे फसतात, १०० म्हणजे शंभर लोकांनी शोधलं असं नाही, त्या काळात त्या शब्दाचा जो सर्वात वरचा टप्पा होता त्याला १०० म्हटलंय आणि बाकीचं त्याच्या प्रमाणात. किती लोक ते ट्रेंड्स सांगतच नाही, कधी आणि कुठे ते सांगतं. एका वेळी पाच शब्द शेजारी ठेवून बघता येतात, स्पेलिंगचा वाद इथेच मिटवा, देवनागरीतलं आणि इंग्रजी अक्षरातलं शेजारी ठेवा. डोंबिवली वगैरे लेव्हलला जायला जाऊ नका, तेवढा डेटा नसतो, सपाट रेघ दिसते आणि माणूस उगाच निराश होतो.

मोदकाचा आलेख काढलात तर गणपतीच्या आसपास सुळका दिसेल, त्यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. आपले सण पंचांगावर चालतात आणि टूलं चालतात इंग्रजी महिन्यांवर. गणेश चतुर्थी २०२३ ला १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला आणि २०२६ ला १४ सप्टेंबरला. आता "मागच्या ऑगस्टमध्ये मोदकाला मागणी होती म्हणून यंदा पण ऑगस्टमध्ये" असं कुठलं टूल किंवा कुठला एजन्सीवाला म्हणाला तर तो दोन-अडीच आठवड्यांनी चुकला. दिवाळीचंही तेच, २०२५ ला लक्ष्मीपूजन ऑक्टोबरमध्ये झालं, २०२६ ला ८ नोव्हेंबरला आहे. त्यामुळे आलेख बघताना शेजारी कालनिर्णय ठेवा, चेष्टा नाही, खरंच ठेवा, आणि शीटमध्ये महिना लिहू नका, "चतुर्थीच्या आधी तीन आठवडे" असं लिहा.

अनारशाची तर आणखीच मजा. दिवाळी सोडून अनारसे लागतात कधी, तर अधिक महिन्यात, जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं असतं. अधिक महिना साधारण तीन वर्षांतून एकदा येतो, २०२३ ला अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, आणि २०२६ ला अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. म्हणजे मधली दोन वर्षं मे महिन्यात अनारशाला कोणी विचारणार नाही आणि एका वर्षी धो धो. बारा महिन्यांची सरासरी देणाऱ्या कुठल्याही टूलला हे कळणार नाही, वहिनीला मात्र लग्न झाल्यापासून माहीत आहे. टूलापेक्षा धंद्यातलं माणूस शहाणं असतं ते असं. "अधिक महिना अनारसे ऑर्डर" असं पान करायचं तर ते महिना लागायच्या दीड-दोन महिने आधी साईटवर हवं, गुगलला नवीन पान सापडून ते वर यायला वेळ लागतो, आदल्या दिवशी टाकून उपयोग नाही. आणि एकदा केलेलं पान सण झाला म्हणून काढू नका, तेच पान पुढच्या वेळी तारखा बदलून वापरा.

ट्रेंड्समध्ये खाली संबंधित सर्च असतात, त्यात कधी "ब्रेकआऊट" असं लिहिलेलं दिसतं, म्हणजे पाच हजार टक्क्यांच्या वर वाढ. लगेच उड्या मारू नका, दोन माणसं शोधत होती त्याची दीडशे झाली तरी टक्के तसेच दिसतात.

आकडे हवेत तर कीवर्ड प्लॅनर. हे गुगल ॲड्सच्या, म्हणजे गुगलवर जाहिरात द्यायच्या जागेच्या, आत असतं, जाहिरात न देता वापरता येतं पण आत शिरताना ते तुम्हाला जाहिरात द्यायला लावायचा पुरेपूर प्रयत्न करतं. खातं उघडताना एक्स्पर्ट मोडकडे जायचा छोटासा दुवा असतो तो शोधा, आणि तिथे कॅम्पेन, म्हणजे जाहिरातीची मोहीम, न करता खातं बनवायचा पर्याय दिसला तर तो घ्या, मग देश, टाइम झोन, चलन असं काय काय विचारतो. पडदे अधूनमधून बदलतात त्यामुळे बटण नेमकं कुठे ते सांगत नाही, आणि हल्ली प्लॅनर उघडायला बिलिंगची माहिती आणि कॅम्पेनही मागतात, तसं झालं तर कॅम्पेन लगेच थांबवून (पॉज करून) ठेवा. कॅम्पेन चुकून सुरू झालं तर खरे पैसे जातात, हे लक्षात असू द्या.

आत गेल्यावर टूल्समध्ये प्लॅनर, त्यात "डिस्कव्हर न्यू कीवर्ड्स". शीटमधली पाकीटवाली वाक्यं टाका, एका वेळी दहाच घेतो. ठिकाण आधीच अख्खा भारत असतं ते काढा आणि डोंबिवली, कल्याण, ठाणे असं टाका, नाहीतर दिल्लीतल्या लोकांचे मोदक मोजत बसाल. भाषा "ऑल लँग्वेजेस" ठेवा कारण आपले लोक फोन इंग्रजीत ठेवून मराठी शोधतात. शब्दांऐवजी वेबसाईटचा पत्ता पण देता येतो, म्हणजे आपल्यासारखाच धंदा करणाऱ्या दुसऱ्याच्या साईटचा पत्ता टाकला की गुगल त्या साईटवरून शब्द सुचवतं, हे फार कमी लोक वापरतात आणि मला हे सगळ्यात आवडतं.

जाहिरातीवर खर्च नसेल तर प्लॅनर नेमका आकडा देत नाही, पट्टा देतो, १० ते १००, १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार असा. लोक ह्यावर फार वैतागतात, पण आपल्याला नेमका आकडा घेऊन करायचंय काय? १० ते १०० मध्ये समजा महिन्याला तीसच लोक "उकडीचे मोदक ऑर्डर डोंबिवली" शोधत असले आणि त्यातल्या पाचांनी २१-२१ मोदक घेतले तरी वहिनीच्या दोन संध्याकाळी उकड काढण्यात गेल्या, त्याहून जास्त कळ्या तिच्याच्याने पाडल्या जात नाहीत. लाखभर लोक "चकली रेसिपी" शोधत असले म्हणून तिच्या गॅसला तिसरी शेगडी थोडीच फुटणार आहे. छोट्या धंद्याने मोठ्या आकड्याच्या मागे लागू नये असं मी जे म्हणतो ते साधेपणाचं कौतुक म्हणून नाही, हिशोब म्हणून.

दोन-तीन खाचखळगे. "कॉम्पिटिशन" म्हणून जो कॉलम आहे, लो, मीडियम, हाय, तो जाहिरात देणाऱ्यांमधली चुरस दाखवतो, फुकटच्या निकालात वर येणं किती अवघड त्याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि अर्धं जग तो उलटा वाचतं. त्याच्या पुढे पानाच्या वरच्या भागासाठी किती बोली लागते ते असतं, कमीची आणि जास्तीची. जाहिरात द्यायची नसली तरी हा कॉलम बघा, ज्या शब्दासाठी लोक खिशातून पैसे मोजतात त्या शब्दामागे बहुतेक करून विकत घेणारं माणूस असतं, म्हणजे पाकीट की सोऱ्या ह्याची आणखी एक खूण. आणि मिळतेजुळते शब्द प्लॅनर एकत्र मोजतो, त्यामुळे दोन स्पेलिंगांना एकच आकडा दिसला तर दचकू नका. काही शब्दांपुढे नुसती रेघ येईल. रेघ आली म्हणून तो शब्द मेलेला नाही, व्हॉट्सॲपवर तीन जणांनी विचारलंय ना, मग तो शब्द जिवंत आहे, ठेवा.

परदेशी फराळाचं गणित वेगळं बसतं. तिथे ठिकाण बदलून बघा, एकदा अमेरिका टाका आणि एकदा महाराष्ट्र. पोरगा न्यू जर्सीत बसून शोधतो ते इंग्रजीत, "दिवाळी फराळ ऑनलाईन यूएसए" छाप, आणि त्याची आई डोंबिवलीत बसून शोधते ते "फराळ परदेशात पाठवणे" किंवा "अमेरिकेला फराळ कुरिअर". पार्सल एकच, पैसे देणारे दोन वेगळे, शब्द दोन वेगळे. वहिनीला ऑर्डरी आईकडूनच जास्त येतात म्हणून पान मराठीत केलं, आणि त्यात आया फोनवर जे विचारतात तेच लिहिलं, चकली वाटेत मोडते का, किती दिवस टिकतं, शेवटची तारीख काय.

बाकीची टूलं भराभर. उबरसजेस्ट, आन्सर द पब्लिक, एचरेफ्सचा फुकटवाला कीवर्ड जनरेटर, सगळी चांगली आहेत, फुकटात थोडंच देतात, आणि मराठी शब्दांसाठी त्यांच्याकडे माल कमी असतो, शून्य दाखवलं तर त्याचा अर्थ त्यांच्याकडे नोंद नाही एवढाच घ्या. तीन टूलं तीन आकडे देतील कारण ते सगळे अंदाज आहेत. बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्येही कीवर्ड रिसर्च फुकट आहे, वेळ असेल तर. यूट्यूबच्या सर्च चौकटीत शब्द टाकून बघा, पण तिथे सोऱ्यावालेच जास्त भेटतात.

खरं सोनं आहे ते सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साईट गुगलमध्ये कशी दिसते ते सांगणाऱ्या गुगलच्याच फुकट टूलमध्ये. वेबसाईट असेल तर आजच जोडून ठेवा, कारण जोडल्यापासूनच नीट डेटा जमायला लागतो. साईट तुमचीच आहे हे सिद्ध करावं लागतं, एक छोटा कोड साईटवर टाकायचा किंवा डोमेनच्या सेटिंगमध्ये, ज्याने साईट केली त्याला सांगितलं तर दहा मिनिटांचं काम. मग परफॉर्मन्समध्ये क्वेरीज उघडा. इथे अंदाज नाही, लोकांनी नेमकं काय शोधल्यावर तुमची साईट दिसली, किती वेळा दिसली, किती जणांनी दाबलं, आणि सरासरी कितव्या नंबरला होती ते दिसतं. फार थोड्या लोकांनी केलेले सर्च खाजगीपणासाठी लपवलेले असतात, बाकी बरंचसं समोर.

ह्यात शोधायचं काय? जिथे दिसलात बऱ्याच वेळा पण दाबलं जवळजवळ कोणीच नाही, आणि नंबर आठ ते वीसच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे गुगल तुम्हाला दारापर्यंत आणतंय पण आत घेत नाही. वहिनीच्या बाबतीत तो शब्द निघाला "उपवास भाजणी". साईटवर त्याचं वेगळं पान नव्हतंच, भाजणीच्या पानावर तळाला एक ओळ होती, "उपवासाचीही मिळेल". तेवढ्या एका ओळीवर गुगल तिला चौदाव्या नंबरला दाखवत होतं. आम्ही वेगळं पान केलं, त्यात साबुदाणा, वरी, राजगिरा, जिरं असं काय काय असतं, अर्धा किलोचा भाव, एकादशी आणि नवरात्राच्या किती दिवस आधी सांगायचं, आणि भाजणीचा फोटो, डबा उघडा ठेवून काढलेला. महिनाभरात ते पहिल्या पानावर आलं. प्रत्येकाचं महिन्याभरात येईल असं नाही, आमच्या शब्दाला फारसं कोणी भांडत नव्हतं म्हणून आलं, आणि असे शब्द शोधायचे म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

वेबसाईट नाहीच? मग गुगल बिझनेस प्रोफाईल, म्हणजे गुगलवर नि नकाशात धंद्याची जी नोंद दिसते ती, पूर्वी ज्याला गुगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ मध्ये नाव बदललं. फुकट आहे. घरून धंदा असेल तर पत्ता लपवून फक्त कुठे कुठे पोचवता ते भाग टाकता येतात, वहिनीने तसंच केलंय, नाहीतर लोक दुपारी झोपेच्या वेळेला बेल वाजवतात. ह्याच्या परफॉर्मन्समध्ये कुठल्या शब्दांवरून लोक तुमच्यापर्यंत आले ते दिसतं, म्हणजे हेही कीवर्डचं टूलच झालं. एक मोह टाळा, धंद्याच्या नावातच "बेस्ट चकली मोदक फराळ डोंबिवली" असं कोंबू नका, नाव पाटीवर आहे तेच लिहायचा नियम आहे आणि मोडला तर प्रोफाईल बंद होऊ शकतं. शब्द घालायला खाली सर्व्हिसेस, प्रॉडक्ट्स, वर्णन अशा जागा आहेत.

शब्द हातात आल्यावर ते ठेवायचे कुठे, तर एका गोष्टीला एक पान. मोदकाचं वेगळं, अनारशाचं वेगळं. पानाच्या टायटलमध्ये गिऱ्हाईकाचे शब्द आणि गाव, "डोंबिवलीत घरगुती उकडीचे मोदक, संकष्टी व गणपतीसाठी ऑर्डर", हेडिंगमध्ये साधारण तेच, पहिल्या दोन ओळीत भाव आणि किती आधी सांगायचं. इंग्रजी अक्षरातलं एक वाक्य कुठेतरी नैसर्गिक वाटेल असं. मग व्हॉट्सॲपवरचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. पानाच्या पोटात लपवून कीवर्डची यादी द्यायची ती मेटा कीवर्ड नावाची जागा गुगल बघत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय, तरी अजून कोणी त्याचे पैसे मागत असेल तर चहा पाजून रवाना करा. आणि लिहून झालं की पान मोठ्याने वाचा, "मोदक" शब्द इतक्या वेळा आला की वाचताना अडखळायला झालं तर चार काढून टाका.

शेवटी, उपयोग झाला की नाही ते कसं बघायचं. सर्च कन्सोलमध्ये दोन काळ शेजारी ठेवून तुलना करता येते, पण नेहमीसारखं "मागच्या वर्षीचे हेच दिवस" निवडलंत तर परत पंचांग आडवं येणार. तारखा हाताने टाका, सणाच्या आधीचे पंधरा दिवस दोन्हीकडे. मोदकासाठी २०२५ चे १२ ते २६ ऑगस्ट आणि २०२६ चे ३० ऑगस्ट ते १३ सप्टेंबर. आणि तो तक्ता तिथल्या तिथे डाऊनलोड करून शीटला जोडून ठेवा, सर्च कन्सोल मागचे १६ महिनेच दाखवतं, त्याच्या आधीचं पुसलं जातं, आणि पुढचा अधिक महिना येईपर्यंत तीन वर्षं जाणार आहेत.